वनस्पतिज रंगद्रव्यांचे सूक्ष्मसंपुटन : औषधालयांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

द्रव्यपरीक्षेत वर्ण, गंध आणि रस यांचा आधार आपण वैद्य पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. हळकुंड मोडले असता आत दिसणारा केशरी-पिवळा गाभा, मंजिष्ठेच्या काढ्याची लाली, केशराच्या तंतूतून पाण्यात सावकाश उतरणारा पिवळा रंग, नव्या कोकमाच्या सालीचा गर्द जांभळा-तांबडा वर्ण, ही सर्व त्या त्या द्रव्याच्या ताजेपणाची साक्ष होय. बरणीतील चूर्ण फिके पडले की ते बाजूला काढावे, हे कोणत्याही अनुभवी औषधालयात मदतनिसालाही सांगावे लागत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र हा साधा व्यवहार गुंतागुंतीचा झाला आहे. हळदीच्या दुधाचे ग्रॅन्यूल्स, कोकम सरबताची पावडर, बीटयुक्त पेये, ल्युटिन घातलेली बिस्किटे अशा ‘आरोग्यदायी आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांना आपल्याच औषधालयांच्या फळीवर जागा मिळू लागली आहे. त्यांचा कच्चा माल पुरविणारे व्यापारी ‘मायक्रोएन्कॅप्सुलेटेड’ असा शिक्का असलेली रंगद्रव्ये घेऊन येतात, किंमतही चढी सांगतात. हे प्रकरण नेमके काय आहे, ते केव्हा उपयोगी आणि केव्हा निरर्थक, असा प्रश्न अनेक वैद्यमित्र व औषधालयचालक आम्हांस करतात. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करण्याचे योजिले आहे. मायक्रोएन्कॅप्सुलेशनसाठी आम्ही ‘सूक्ष्मसंपुटन’ हा शब्द वापरीत आहोत. शरावसंपुट ज्यांनी केले आहे, त्यांना त्याचा आशय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही; भेद इतकाच की येथे संपुटास अग्नी द्यावयाचा नसून, आतील द्रव्याला बाहेरील हवा, उजेड आणि ओलावा यांपासून दूर ठेवावयाचे असते.

नैसर्गिक रंगांची मागणी वाढण्यास कृत्रिम रंगांविषयीची साशंकता मोठ्या प्रमाणावर कारणीभूत आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे, कृत्रिम रंग व मुलांमधील अतिचंचलता यांविषयीचे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले आणि २०१० पासून युरोपीय संघाने सहा रंगांच्या वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ‘रेड नंबर ३’ म्हणजे एरिथ्रोसिन या रंगाची आहारातील परवानगी काढून घेतली. उत्पादक साहजिकच वनस्पतींकडे वळले. आणि वळताच त्यांना कळून चुकले की वनस्पतींचे रंग कृत्रिम रंगांइतके टिकाऊ नाहीत.

रंग का उडतो?

सर्व वनस्पतिज रंग एका जातीचे नाहीत आणि त्यांचे शत्रूही एक नाहीत. हळदीतील कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात व मद्यार्कात विरघळते. उष्णता ते बऱ्यापैकी सहन करते, म्हणून फोडणीतली हळद पिवळीच राहते. परंतु उजेड आणि क्षार त्याला सोसत नाहीत. हळदीला चुन्याची निवळी लागली की कुंकवाचा लाल रंग येतो, हे आपल्या घराघरांत ठाऊक असलेले रसायनशास्त्रच होय. प्रयोगशाळेत असे आढळले आहे की ७.२ पीएच असलेल्या साध्या द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसला, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कुर्क्युमिन विघटित होते. आम्ल द्रावणात तेच पुष्कळ अधिक काळ टिकते.

कोकमाची गोष्ट निराळी. त्याचा रंग अँथोसायनिन वर्गातील, मुख्यत्वे सायनिडिन या द्रव्याच्या दोन ग्लायकोसाइडांचा आहे. तो पाण्यात सहज उतरतो. पीएच तीनच्या खाली तो लखलखीत तांबडा असतो, चार-पाचच्या आसपास फिका पडतो, त्याहून वर गेल्यास जांभळट-निळसर होतो. उष्णता, प्राणवायू आणि लोह-ताम्रादी धातू यांचाही त्याला उपसर्ग होतो. कोकणात आगळ चिनी मातीच्या बरणीत ठेवतात, लोखंडी भांड्यात नाही, यामागे हाच अनुभव आहे. येथे एक गोष्ट विशेषेकरून औषधालयांच्या ध्यानी यावी. अँथोसायनिन आणि क जीवनसत्त्व द्रावणात एकत्र आले की दोघांचाही ऱ्हास वेगाने होतो. कोकम सरबतात ‘अधिक गुणकारी’ म्हणून आमलकीचा अर्क घालण्याची कल्पना कागदावर मोहक वाटते. बाटलीत मात्र ती रंगाच्या मुळावर येते.

झेंडूच्या फुलातील ल्युटिन किंवा गाजरातील बीटा-कॅरोटिन ही स्नेहविद्राव्य द्रव्ये प्राणवायूने खवट तेलाप्रमाणे बिघडतात. केशरातील क्रोसिन याच कुळातले असूनही शर्करेशी जोडलेले असल्याने पाण्यात विरघळते, हा अपवाद. बीटचा बीटानिन उष्णतेपुढे फार काळ तग धरीत नाही. बीटच्या पोळ्या तव्यावर तपकिरी का होतात, याचे उत्तर बहुतांशी येथे आहे.

आता चूर्णाकडे वळू. एक सेंटिमीटर घनाचा तुकडा घेतला तर त्याचे पृष्ठ सहा चौरस सेंटिमीटर भरते. तोच दळून एक दशांश मिलिमीटरचे कण केले तर एकूण पृष्ठ सहाशे चौरस सेंटिमीटर होते. द्रव्य तेवढेच, हवेला सामोरे जाणारे अंग मात्र शंभरपट. शार्ङ्गधर संहितेत चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगून गुटिका व लेह यांना एक वर्षाची मर्यादा दिली आहे. पृष्ठाचा हा हिशेब मांडला की त्या मर्यादांमागील निरीक्षणाची सूक्ष्मता लक्षात येते. लेहात चूर्णाचा प्रत्येक कण घट्ट पाकात आणि घृतात बुडालेला असतो. हवा त्याच्यापर्यंत पोहोचावी कशी? भैषज्यरत्नावलीतील हरिद्राखंडात हळद गोघृत, दूध व खांड यांसह सिद्ध करून रवाळ केली जाते. आधुनिक आहारतंत्रज्ञानात शर्करेचे स्फटिक होत असताना त्यांच्या फटींत द्रव्य अडकवून ठेवण्याची एक स्वतंत्र पद्धत सूक्ष्मसंपुटनाचा प्रकार म्हणून शिकविली जाते. दोहोंचे साम्य उघड आहे. यावरून आपल्या पूर्वाचार्यांना मायक्रोएन्कॅप्सुलेशन ठाऊक होते अशी ललकारी कोणी देऊ लागल्यास आम्ही त्यात सूर मिसळणार नाही. त्यांना ठाऊक होते ते एवढे की उघडे चूर्ण लवकर मरते आणि पाकातले टिकते. ते पुरेसे मोलाचे आहे.

संपुट घडते कसे?

या विद्येचा औद्योगिक आरंभ औषधात नव्हे, कागदात झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनच्या सूक्ष्म कोशांत रंगपूर्व द्रव्य भरून कार्बनविरहित नक्कल-कागद तयार केला. पेनाचा दाब पडला की कोश फुटे व खालच्या कागदावर अक्षर उमटे. पुढे हे तंत्र सुगंधी द्रव्ये, जीवनसत्त्वे आणि रंग यांकडे आले.

आज आहारोपयोगी रंगांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी रीत म्हणजे फवारा-शुष्कन, अर्थात स्प्रे ड्रायिंग. कोकमाचेच उदाहरण घेऊ. सालीचा जलीय अर्क गाळून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन किंवा गम अरेबिक विरघळवितात. हे द्रावण उंच धातूच्या मनोऱ्यात अत्यंत बारीक तुषारांच्या रूपाने सोडले जाते आणि वरून १५० ते १८० अंश सेल्सिअसची कोरडी हवा येते. एवढ्या उष्णतेत रंग जळून जात नाही का, अशी शंका स्वाभाविक आहे. तुषारातील पाणी उडत असताना त्याची वाफ तुषाराला थंड राखते, माठातले पाणी ज्या न्यायाने थंड राहते त्याच न्यायाने. पाणी संपेपर्यंत कण हवेहून पुष्कळ थंड असतो आणि सारा प्रकार काही सेकंदांत आटोपतो. बाहेर पडणारी हवा ८०-९० अंशांची असते. खाली जमा होते ती काही दशक मायक्रॉन आकाराच्या कणांची भुकटी. प्रत्येक कणात वाहक द्रव्याच्या काचेसारख्या कठीण जाळ्यात रंगाचे रेणू अडकलेले.

‘काचेसारखे’ हा शब्द आम्ही उपमा म्हणून वापरलेला नाही. कोरडे माल्टोडेक्स्ट्रिन खरोखरच काचस्वरूप अवस्थेत असते आणि त्या अवस्थेत प्राणवायूला आत शिरणे अवघड जाते. ओलावा लागला की ही काच मऊ पडते, कण एकमेकांस चिकटतात, भुकटीचा दगड होतो आणि संरक्षणही संपते. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल विपुल असल्याने त्याचा अर्क एकटाच वाळवू गेल्यास चिकट गोळा मनोऱ्याच्या भिंतीला बसतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कोकमाच्या अँथोसायनिनवर माल्टोडेक्स्ट्रिन, गम अरेबिक आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांचा वापर करून याच अडचणीवर काम झाले आहे. २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेथील लघुउद्योजकांनी हे संशोधन मुद्दाम पाहावे.

अन्य रीतींचा उल्लेख धावता करतो. शीतशुष्कनात उष्णता टळते, परंतु खर्च व वेळ पुष्कळ लागतो. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या सात ग्लुकोज-रेणूंच्या कड्यात कुर्क्युमिनचा रेणू बसविता येतो. अल्जिनेटचे मणी दिसावयास सुबक, पण त्यांच्या सच्छिद्र जाळ्यातून पाण्यात विरघळणारे रंग पाझरतात.

द्रवात संपुट कशासाठी?

आता एक गोष्ट, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. माल्टोडेक्स्ट्रिन आणि गम अरेबिक ही दोन्ही पाण्यात विरघळणारी द्रव्ये आहेत. भुकटी पाण्यात पडताक्षणी संपुट संपते. पाकिटातील सरबत पावडरीस म्हणून याचा उपयोग मोठा आहे, कारण रंगाला पाकिटातले महिने काढावयाचे असतात, पेल्यातील पाच मिनिटे नव्हेत. परंतु बाटलीबंद कोकम सिरपात तीच महागडी भुकटी घालणे म्हणजे छत्री घेऊन विहिरीत उतरणे होय. सिरपाला त्याचे स्वतःचे आम्लत्व, दाट साखर, काचेची गडद बाटली आणि थंड जागा यांनीच जपावे. द्रवात टिकणारी संपुटे असतात, पण ती निराळ्या रचनेची. व्यापाऱ्याने ती दिली आहेत की नाहीत हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारावे.

हळदीविषयी थोडे अधिक

हळदीच्या बाबतीत दोन भिन्न हेतूंची सरमिसळ बाजारात सर्रास होते. रंग टिकविणे हा एक हेतू. शोषण वाढविणे हा दुसरा. पहिल्यासाठी केलेले संपुट दुसरे साधेलच असे नाही आणि दुसऱ्यासाठी केलेले संपुट औषधाची मात्राच बदलून टाकते. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी व्यक्तींना दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले असता रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे नोंदविले. हरिद्राखंडात त्रिकटू आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. मात्र तेथे मरीच व पिप्पली अखंड द्रव्यरूपाने, संपूर्ण पाठाच्या प्रमाणात येतात, वेगळ्या काढलेल्या पिपेरिनच्या रूपाने नव्हे.

ही तुलना आम्ही केवळ पांडित्यासाठी करीत नाही. २०१९ साली इटलीत हळदीची पूरके घेणाऱ्या काही व्यक्तींमध्ये यकृतशोथ आढळून तेथील आरोग्य खात्याने चौकशी केली. २०२२ साली अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी हळदीशी निगडित दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील तिघांच्या उत्पादनांत पिपेरिन होते आणि सात जणांत विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. स्वयंपाकातील हळदीला यावरून दोष देणे अडाणीपणाचे ठरेल. परंतु ‘शोषण अनेक पट’ असे छापलेली भुकटी हातात आली, तर ती हळद नव्हे, एक निराळे आणि अधिक तीक्ष्ण कल्प आहे असे समजून मात्रा ठरवावी. यकृतविकाराचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास ती सहज म्हणून देऊ नये. आहारातील रंग म्हणून कुर्क्युमिनचे स्वीकार्य दैनिक सेवन आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीरभाराच्या दर किलोस तीन मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे साठ किलोच्या माणसास १८० मिलिग्रॅमपर्यंत, मानले आहे. तुलनेसाठी, तीन टक्के कुर्क्युमिन असलेल्या हळदीच्या पाच ग्रॅम चूर्णात ते १५० मिलिग्रॅम असते.

रंग राहिला, द्रव्य गेले

आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे आणि तिचा विचार रसायनतज्ज्ञांपेक्षा वैद्यांनीच करावयास हवा. हळद म्हणजे केवळ कुर्क्युमिन नव्हे. तिच्यात टर्मेरोनादी उडनशील तैले आहेत. उघड्या बरणीत रंग आणि गंध दोन्ही हळूहळू जातात, म्हणून फिका रंग आपल्याला सावध करतो. संपुटित रंग मिसळलेल्या ग्रॅन्यूल्समध्ये रंग वर्षभर झगझगीत राहील, आणि त्याच पाकिटातील उघड्या शुंठीचा, एलेचा, हळदीचा गंध कधीच निघून गेलेला असेल. ग्राहकाला ते ताजे वाटेल. वैद्यालाही वाटेल. म्हणजे ज्या वर्णाच्या साक्षीवर आपण विसंबून होतो ती साक्षच फितूर झाली. म्हणून अशा मिश्रणांची परीक्षा रंगावरून करणे सोडून द्यावे. चिमूटभर कोमट पाण्यात घालून गंध घ्यावा, जिभेवर रस पाहावा, आणि उत्पादकाकडे उडनशील तैलाचे प्रमाण आरंभी व मुदतीअखेर किती भरते याची विचारणा करावी.

संपुटाच्या भिंतीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. समजा भुकटीत दहा टक्के कुर्क्युमिन आहे. रुग्णाला ५०० मिलिग्रॅम द्यावयाचे तर भुकटी पाच ग्रॅम लागेल आणि त्यातील साडेचार ग्रॅम भिंत असेल. दिवसातून दोन वेळा दिल्यास नऊ ग्रॅम. ही भिंत माल्टोडेक्स्ट्रिनची असल्यास ते रक्तशर्करा ग्लुकोजच्याच वेगाने वाढविते. प्रमेहाच्या रुग्णांना हळद आपण आवर्जून देतो, आणि वेष्टनावर ‘साखरविरहित’ असे छापलेले असते! गम अरेबिक विद्राव्य तंतू असल्याने हा दोष त्याच्यात नाही. मात्र गम अरेबिक म्हणजे आपल्या लाडवातला कोणताही डिंक नव्हे. ते प्रामुख्याने सुदान व आसपासच्या प्रदेशांतील विशिष्ट बाभूळवर्गीय वृक्षांचे निर्यास आहे, आणि एप्रिल २०२३ पासून तेथे पेटलेल्या युद्धाने त्याच्या पुरवठ्यास झळ पोहोचली आहे. स्वस्तात मिळाले तर शुद्धतेची खातरी करून घ्यावी. जिलेटिनची भिंत प्राणिज असते आणि कायटोसान सहसा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून होते. शाकाहारी, जैन अथवा कवचधारी जलचरांची अॅलर्जी असलेल्या रुग्णाला हे सांगणे आपले कर्तव्य आहे, आणि त्यासाठी ते आधी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

माल घेताना

व्यापाऱ्याकडून विश्लेषणपत्र मागावे. त्यात रंगद्रव्याचे शेकडा प्रमाण, भिंतीचे द्रव्य, आर्द्रता आणि कणाच्या पृष्ठावर उघडे राहिलेले रंगद्रव्य किती, हे चार आकडे असावेत. शेवटचा आकडा बहुतेक वेळा गाळलेला आढळतो, आणि खरे कौशल्य त्याच्यातच दिसते. हळदीची भुकटी असल्यास एक ढोबळ परीक्षा औषधालयातही करता येते. गंधहीन, रंगहीन शुद्ध तेलात थोडी भुकटी घालून अर्धा मिनिट हलवावी व बसू द्यावी. भिंत तेलात विरघळत नसल्याने संपुट नीट असेल तर तेल जेमतेम पिवळसर होते. लगेच गर्द पिवळे झाले तर रंग बाहेरच आहे. कोकमास ही परीक्षा लागू नाही. सर्वच भुकट्यांसाठी उपयोगी पडेल अशी रीत म्हणजे एकच माल दोन लहान काचेच्या बाटल्यांत भरून एक खिडकीत, एक बंद कपाटात पंधरा दिवस ठेवणे. पैसा लागत नाही आणि डोळ्यांना दिसते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. हरिद्राखंड या नावाने औषध विकावयाचे तर ते ग्रंथोक्त पाठानुसारच हवे. संपुटित कुर्क्युमिन घातलेला कल्प त्या नावास पात्र नाही. औषधी कल्पांतील सहायक द्रव्यांना औषध नियमावलीतील नियम १६९ लागू आहे. आहार म्हणून विकावयाचे झाल्यास २०२२ च्या ‘आयुर्वेद आहार’ विनियमांत बसते की न्यूट्रास्युटिकल विनियमांत, हे उत्पादनापूर्वीच ठरवून घ्यावे; पहिल्यात प्रमाण ग्रंथांचा आधार लागतो आणि त्यात जीवनसत्त्वे, खनिजे व अमिनो आम्ले वरून घालण्यास मनाई आहे.

आणि हे सारे करूनही माल मोठ्या पोत्यात घेऊन पावसाळ्यात सुटा विकावयाचा असेल, तर संपुटनाचा खर्च करू नये. कोकणपट्टीच्या हवेत पोते एकदा उघडले की काही दिवसांतच भुकटीच्या गुठळ्या होतात. अॅल्युमिनियमचे अस्तर असलेली लहान पाकिटे, आत सिलिका जेलची पुडी, आणि भरणी शक्य तो पावसाळ्याआधी, निदान कोरड्या वातानुकूलित खोलीत. ज्या औषधालयाची महिन्याची विक्री चार-पाच किलोंपलीकडे नाही, त्याने ताजी हळद दर महिन्यास दळून तपकिरी बाटलीत भरणे अधिक स्वस्त आणि अधिक चांगले.